खाँसाहेबांचं काम आता कोण करणार?

गाजलेलं संगीत नाटक पुन्हा उभं करायचं ठरलं की पैशाच्या आधी एक प्रश्न येतो: ते काम आता कोण करणार? मूळ नट गेलेला असतो नाहीतर थकलेला असतो, पण त्याचा आवाज ध्वनिमुद्रिकेत तसाच ताजा असतो. मग मंडळी पेटी काढतात, उमेदवाराला पट्टी विचारतात, दोन पदं म्हणायला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. मूळ आवाजाच्या जो जास्त जवळ जाईल, त्याची निवड पक्की. माझ्या मते चूक होते ती इथे. हे नाटक मुळात कशाची गोष्ट सांगतं, हे आधी विचारायला हवं. ती गोष्ट ज्याच्या अंगावर बसेल, काम त्याचं. पट्टीचं नंतर बघता येतं.

परक्या मुलखातलं उदाहरण आधी घेतो, कारण तिथे हे उघड दिसतं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘शिकागो’ ही जुनी संगीतिका १९९६ मध्ये नव्याने आली आणि ती अजून चालू आहे. तिच्या नायिका किती बदलल्या, याची यादी लांबलचक आहे. २००३ मध्ये मेलनी ग्रिफिथ ही सिनेनटी त्यात रॉक्सी झाली. गाणं-नाचणं हा काही तिचा प्रांत नव्हता, तरी निभावलं. रॉक्सी ही प्रियकराचा खून करून वर्तमानपत्रांतून नाव कमावणारी बाई. नाटकच फुकटच्या प्रसिद्धीवर बेतलेलं, तेव्हा नावाजलेला चेहरा त्यात आला की नाटकाचं म्हणणं आणखी ठसतं. हाच हिशेब ‘स्वयंवर’ या मराठी संगीत नाटकातल्या रुक्मिणीला लावून चालणार नाही. तिथे नाव नव्हे, गळाच लागतो.

आता आपल्याकडे येऊ. अकोल्याहून अमरावतीला एसटीने निघालं की वाटेत मूर्तिजापूर लागतं. वसंतराव देशपांडे तिथले, जन्म १९२०. अगदी तान्हेपणीच आईबरोबर नागपूरला गेले आणि तिथेच वाढले, पण वऱ्हाडी माणूस त्यांच्यावरचा हक्क सोडत नाही आणि सोडूही नये. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ मध्ये रंगभूमीवर आलं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. सदाशिव झाले प्रसाद सावकार आणि खाँसाहेब आफताब हुसेन झाले वसंतराव. पदांच्या चाली त्यांच्याच ताना, हरकती डोळ्यांसमोर ठेवून बांधल्यासारख्या वाटतात. म्हणून १९८३ मध्ये वसंतराव गेल्यावर खाँसाहेबांना हात लावायचा म्हणजे धाडस होतं.

२०१० मध्ये सुबोध भावे यांनी हे नाटक नव्याने बसवलं. खाँसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि सदाशिव झाला अभिषेकीबुवांचा शिष्य महेश काळे. वरवर बघणाऱ्याला ही घराणेशाही वाटेल. पण नाटक कशाविषयी आहे ते बघा. गायकीचा वारसा कोणाचा, जन्माने आलेल्याचा की कानाने वेचलेल्याचा, हाच त्यातला झगडा आहे. पंडित भानुशंकरांकडे शिकायला आलेल्या सदाशिवाला शेवटी खाँसाहेबांची विद्या लपूनछपून मिळवावी लागते. दरबारात वर्षानुवर्षं पंडितजींपुढे दुसरे ठरलेल्या खाँसाहेबांच्या हाती एक खून माफ असलेली कट्यार येते. अशा नाटकात एक रक्ताचा वारस आणि एक विद्येचा वारस समोरासमोर उभे केले, तर प्रेक्षक तिकीट काढतानाच अर्धं नाटक बरोबर घेऊन येतो. निवड आवाजांची झाली असेल, पण ती लागू पडली नाटकाच्या अर्थामुळे.

तरी इथे एक खोच आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. आजोबा गेले तेव्हा राहुल चार वर्षांचेही नव्हते. म्हणजे समोर बसून शिकणं नाहीच. आजोबा मिळाले ते ध्वनिमुद्रिकांतून आणि लोकांच्या आठवणींतून. गाणं ते दुसऱ्या गुरूंकडे शिकले. नातू असूनही एका अर्थी ते सदाशिवाच्याच बाजूचे. उलट वसंतरावांकडे कोणत्या एका घराण्याचा शिक्का नव्हता. नागपुरात शंकरराव सप्रे, पुढे लाहोरला असद अली खाँ, शिवाय मास्टर दीनानाथांचा कानावर पडलेला संस्कार, आणि पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात बरीच वर्षं केलेली कारकुनी. खाँसाहेब वाट्याला आले तेव्हा वय सत्तेचाळीस. दरवर्षी हरणाऱ्या, आतून धुमसणाऱ्या माणसाचं काम करताना त्यांना ते धुमसणं उसनं आणावं लागलं नसणार. राहुल तेव्हा जेमतेम तिशीतले. गळा तयार होता, वारसा होता, पण वाट बघून आंबलेलं वय कुठून आणणार? ती उणीव त्यांना अभिनयाने भरून काढावी लागली.

सिनेमाने हा पेच सोपा करून टाकला. २०१५ च्या चित्रपटात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा आणि गळा राहुल यांचा. रंगमंचावर अशी वाटणी करता येत नाही. तिथे बोलणारा तोंड मिटत नाही तोच गाऊ लागतो, आणि त्या क्षणी माणूस बदललाय असं वाटलं की नाटक संपलं.

‘कट्यार’ पुन्हा उभं राहिलं; याउलट अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचं ‘रणदुंदुभी’. १९२७ मध्ये बळवंत संगीत मंडळीने ते केलं, दीनानाथ त्यात तेजस्विनी होते. चाली वझेबुवांच्या. पारतंत्र्याचा संताप हा नाटकाचा प्राण, आणि लिहिणारा स्वतः तुरुंगात जाऊन आलेला. त्यातली पदं आजही मैफलीत रंगतात, नाटक मात्र क्वचितच दिसतं. तेजस्विनीसाठी गळा मिळाला नसता असं नाही. पण १९४७ नंतर समोर बसणारा प्रेक्षकच वेगळा झाला. त्याच्या जागी बदली माणूस कुठून आणणार?

वऱ्हाडात एखाद्या हौशी संस्थेने ‘कट्यार’ हाती घेतलं, तर एक गोष्ट तिला आयती मिळेल. खाँसाहेबांचं उर्दू वळणाचं बोलणं पुण्याच्या नटाला घोकावं लागतं. बाळापूर-अचलपूरच्या बाजारात वाढलेल्याला ती सवयीची भाषा आहे. निजामाच्या राजवटीने ती इथे मुरवून ठेवली आहे. म्हणून निवडीला बसताना पेटी थोडी बाजूला ठेवून आधी गद्य वाचून घ्यावं. त्यातही दरबारातला हरण्याचा प्रसंग. कॉलेजात विशी-बाविशीचा तयार गळा शोधण्यापेक्षा शाळेत संगीत शिकवणारा, नाहीतर जिल्हा परिषदेत फायली उपसून संध्याकाळी रियाज करणारा पन्नाशीचा माणूस गाठावा. त्याची पट्टी अर्धा स्वर खाली असेल तर पेटीवाल्याने उतरावं. तानेत जरा कमी पडला तरी चालेल, पण हरल्यावर तो दरबाराकडे कसा बघतो, ते समोर बसून नीट बघावं.