व्हीडीआरएलच्या थेंबातला मेद

ठाण्यातल्या बाळकुम नाक्यावरच्या लॅबमध्ये गरोदर बाईच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन आणि शुगरच्या जोडीला ‘व्हीडीआरएल’ असतेच. ही सिफिलिसची तपासणी. सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवायचं, काचेवर त्यात अँटिजेनचा थेंब मिसळायचा, मिनिटाला १८० फेऱ्यांच्या वेगाने काच ४ मिनिटं फिरवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या दिसतात का ते पाहायचं. त्या अँटिजेनमध्ये सिफिलिसच्या जंतूचा अंशही नसतो. असतो तो गुरांच्या हृदयातून मिळालेला एक मेद, कार्डिओलिपिन.

१९०६ साली जंतुशास्त्रज्ञ वासरमान यांनी सिफिलिसची पहिली रक्तचाचणी बसवली, तेव्हा सिफिलिसने दगावलेल्या अर्भकांच्या यकृताचा अर्क वापरला जाई. अर्कात जंतू असतात म्हणून चाचणी लागते, असा समज होता. पुढे निरोगी हृदयाचा अर्कही तेच काम करतो हे दिसलं आणि १९४०च्या दशकारंभी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात मेरी पँगबॉर्न यांनी त्यातला नेमका मेद वेगळा केला. मला या इतिहासातली हीच गाठ सर्वांत मोलाची वाटते. शरीर इथे स्वतःच्याच मेदाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करत असतं. मलेरिया, कुष्ठरोग, ल्यूपस यांतही व्हीडीआरएल कधीकधी चुकून पॉझिटिव्ह येते ती त्यामुळेच. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईला आज डॉक्टर अँटिकार्डिओलिपिन तपासायला सांगतात, तेही याच मेदाच्या मागावर.

हा मेद पेशीत असतो तंतुकणिकेच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या, आतल्या पडद्यात, आणि तयारही तिथेच होतो. केनेडी आणि लेनिंजर या संशोधकांनी १९४९च्या सुमारास मेद जाळण्याचं काम तंतुकणिकेत चालतं हे दाखवलं, आणि मग भट्टीची प्रतिमा इतकी घट्ट बसली की भट्टी मेद बनवतेही, हे दुय्यम राहिलं. कार्डिओलिपिन जिवाणूंच्या पडद्यातही आढळतं. तंतुकणिका मूळची जिवाणूच होती, हा लिन मार्गुलिस यांनी १९६७ मध्ये नव्या जोमाने मांडलेला विचार त्याच्याशी जुळतो.

दाहाशी या मेदाचं नातं उलगडलं ते फार उशिरा. जिवाणूच्या कवचाचा अंश भेटला की भक्षक पेशीची, मॅक्रोफेजची, कार्यपद्धतीच पालटते. साखर वेगाने मोडली जाते, तंतुकणिकेतलं सायट्रिक आम्लाचं चक्र मधेच तुटतं आणि साचलेलं सायट्रेट बाहेर पडून मेद बांधायला वापरलं जातं. दाह म्हणजे पेशीची नुसती पडझड, ही माझ्या पिढीला शिकवलेली कल्पना इथे अपुरी पडते. २०१३ मध्ये आणखी एक धागा हाती आला. तंतुकणिका बिघडली की आतल्या पडद्यातलं कार्डिओलिपिन बाहेरच्या पृष्ठभागावर येतं, तिथे एनएलआरपी३ हे प्रथिन त्याला बिलगतं आणि दाहाची साखळी सुरू होते. कार्डिओलिपिनची निर्मितीच रोखली, तर ही साखळी मंदावते.

जून २०२० मध्ये बाळकुम-साकेतच्या ग्लोबल हबमध्ये मोठं कोविड रुग्णालय उभं राहिलं. त्याच महिन्यात ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या औषध-चाचणीने जाहीर केलं, की डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. विषाणूइतकाच बेफाम दाह जीव घेतो, हे त्या दिवसांत घराघराला कळलं. पण स्टेरॉइड प्रतिकाराची सगळी यंत्रणाच दडपतं, त्यामुळे दुसरा संसर्ग बळावतो, शिवाय साखरही वाढते. तंतुकणिकेतल्या एखाद्याच मेदाची वाट अडवून दाह आवरता आला, तर तो उपाय कितीतरी नेमका ठरेल. मात्र हृदयाला हाच मेद लागतो. तो नीट घडत नाही त्या बार्थ सिंड्रोममध्ये लहान मुलांचं हृदय दुबळं होतं. त्यामुळे तो किती रोखायचा, कुठल्या पेशीत आणि किती वेळ, याचं उत्तर मिळाल्याशिवाय ‘मायटोकॉन्ड्रियातून दाह आवरणाऱ्या’ गोळ्या कुणी पुढे केल्या, तर त्या घेऊ नयेत असं मला वाटतं.