मोडकं बोलायची मुभा

परक्या शहरात गेलं की मी निदान कॉफी तिथल्या भाषेत मागतो. बेंगळुरूत तर हे फारच सोपं. उभ्याउभ्या खायच्या दर्शिनीत कूपन पुढे सरकवायचं आणि म्हणायचं, 'ओंदु काफी कोडी, सक्करे कम्मी.' साखर कमी! मराठी माणसाला पाठ करण्यासारखं त्यात आहेच काय? एक कॉफी दोघांत हवी असेल तर 'बाय-टू'. शब्द इंग्रजी, पण मला तो तिथला सगळ्यात कानडी शब्द वाटतो. काउंटरमागचा माणूस हसतो, एखादा 'कन्नड गोत्ता?' असंही विचारतो.

याला मित्र सौजन्य म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. त्याने कानडीत पुढचा प्रश्न विचारला की आपली गाडी हिंदीवर येते. आमच्या धंद्याच्या भाषेत, हँडशेक झाला, डेटा गेलाच नाही.

पण पाहुण्याला सगळं माफ असतं. ग्रीसमध्ये गाळ खाली बसणारी कॉफी पूर्वी सर्रास 'तुर्किको' म्हणून मागत. १९७४ मध्ये तुर्कस्तानने सायप्रसवर सैन्य उतरवलं आणि त्यानंतर 'एलिनिको', म्हणजे ग्रीक, हेच नाव रूढ झालं. बोस्नियात तीच कॉफी सर्बांची काफा, क्रोएटांची कावा आणि बोस्नियाकांची काहवा. रोजच्या बोलण्यात सरमिसळ होते, पण शब्दावरून माणूस कुठला हे ताडणारेही असतात. यातला कुठलाही शब्द पर्यटकाने भलत्या टेबलावर वापरला तरी लोक हसून सोडून देतात. त्याला तिथे राहायचं नसतं ना.

ज्याला राहायचं असतं त्याचं काय? पुण्यात माझ्या ऑफिसखालच्या कॅफेतला मुलगा आसामचा आहे. 'साखर वेगळी देऊ का?', 'सुट्टे आहेत का?', 'दोन मिनिटं थांबा' एवढं त्याला येतं, म्हणजे माझ्या कानडीच्या कितीतरी पट. त्याला कोणी 'अरे वा' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. उलट तो 'कॉफी दिला' म्हणाला की रांगेतून कोणीतरी 'दिली, दिली' म्हणून दुरुस्त करतं. मोडकेपणा सारखाच, माझा हौसेचा, त्याचा पोटासाठीचा.

मराठीचा आग्रह चूक आहे, असं मला म्हणायचं नाही. आपल्या गावात आपल्या भाषेत कॉफी मागता यावी ही अपेक्षा रास्तच आहे, आणि बेंगळुरूत राहायला गेलो तर तीच माझ्याकडूनही असणार. पण आग्रह धरणाऱ्याने मोडकी मराठी ऐकूनही घ्यायला हवी. आपण करतो काय, तो अडखळला रे अडखळला की हिंदीवर उतरतो, त्याची शिकायची संधी घालवतो आणि वर 'यांना मराठी येत नाही' म्हणून कुरकुरतो.

मी हल्ली त्याच्याशी मराठीतच बोलतो, जरा सावकाश. परवा त्याने विचारलं, 'सुट्टे' आणि 'चिल्लर' यांत फरक काय? मागे पाच जण उभे होते आणि मला काही पटकन सांगता येईना.