मूळ रहिवासी नसलेला देश

कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत एका खांबावर ब्राह्मी अक्षरांत कोरलेलं आहे, की हा खांब पैठणच्या गंधी कुळातल्या मितदेवाचं दान आहे. देणाऱ्याने नाव सांगितलं, धंदा सांगितला आणि गाव सांगायलाही तो विसरला नाही. या गोष्टीला दोन हजार वर्षं होऊन गेली. आजही कन्नडच्या बसस्टँडवर अनोळखी माणसाशी दोन शब्द झाले की तिसरा प्रश्न ठरलेला असतो, "मूळचे कुठले तुम्ही?"

हा प्रश्न नुसता गप्पांपुरता नाही. तहसीलमध्ये तोच प्रश्न अर्जावर छापलेला असतो. जातीचा दाखला काढायचा तर ठराविक दिवशी आपलं घराणं महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा लागतो. भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्याचा आजा बैल हाकत मुलूखभर फिरला, त्या तांड्यावरच्या माणसाने त्या आज्याचा अमुक एका दिवसाचा पत्ता कुठून आणायचा? २०२३ पासून मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. आपल्याकडे 'इथला' असणं हे असं सिद्ध करावं लागतं, आणि तेही पूर्वजांच्या कागदाने. या सगळ्याच्या बुडाशी एक गृहीत आहे. कुणीतरी मूळचं असतं, बाकीचे नंतर आलेले. जिथे मूळचं कुणीच नाही अशा देशात या प्रश्नाचं काय होत असेल?

असा देश आहे, आणि त्यात मराठी माणसंही आहेत. मॉरिशस.

आपल्या वर्तमानपत्रांतून मॉरिशस भेटतो तो एकतर मधुचंद्राच्या जाहिरातीत, नाहीतर 'मॉरिशसमार्गे' आलेल्या पैशाच्या बातमीत. १९८३ च्या करसवलतीच्या कराराचा तो प्रताप. २०१६ मध्ये करार बदलला आणि त्या बातम्या विरळ झाल्या. देश म्हणून मात्र तो फारसा कुणी पाहत नाही. मादागास्करच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर ज्वालामुखीतून वर आलेलं हे बेट. रॉड्रिग्ज आणि बारकी बेटं धरून क्षेत्रफळ २०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या जेमतेम एक पंचमांश. वस्ती साडेबारा लाखांच्या घरात.

अरब खलाशांना हे बेट ठाऊक होतं, पोर्तुगीजही येऊन गेले, पण वस्तीला कुणी राहिलं नाही. १५९८ मध्ये डच उतरले तेव्हा तिथे आबनुसाचं जंगल होतं, कासवं होती आणि उडता न येणारा डोडो पक्षी होता, माणूस नव्हता. आफ्रिकेत, आशियात किंवा अमेरिकेत युरोपीय लोक गेले तिथे आधी कुणीतरी होतंच. इथे खरोखरच कुणी नव्हतं. १६३८ मध्ये डचांनी वस्ती केली, पुढच्याच वर्षी जावाहून ऊस आणला, डोडो संपवला आणि १७१० मध्ये बेट सोडून निघून गेले. ऊस तेवढा मागे राहिला.

पुढची सगळी माणसं या उसामागून आली, म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १७१५ नंतर फ्रेंचांनी मादागास्कर आणि मोझांबिकहून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. १८१५ पासून बंगालमधले आणि पुढे मुंबई इलाख्यातलेही कैदी तिथे रस्ते बांधायला पाठवले गेले. १८३६ मध्ये बेटावर उतरलेल्या चार्ल्स डार्विनने त्या कैद्यांना पाहिलं आणि प्रवासवर्णनात त्यांची नोंद केली. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. सुमारे ६६ हजार गुलाम सुटले आणि नुकसानभरपाई मिळाली त्यांच्या मालकांना, वीस लाख पौंडांहून जास्त. मळेवाल्यांनी त्याआधीच दुसरी सोय लावून ठेवली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला कलकत्त्याहून 'ॲटलस' नावाचं जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. पुढच्या पाऊणशे-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदुस्थानी माणसं या वाटेने आली. बहुतेक बिहार आणि आसपासच्या मुलखातली, मग मद्रास इलाख्यातली, आणि थोडी मुंबई बंदरातून, मुख्यतः कोकणातली आणि घाटावरच्या साताऱ्याकडची.

ही भरती कशी चाले, हे कन्नडच्या वाचकाला उलगडून सांगायची गरज नाही. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये आणि शिधा, निघताना हातावर आगाऊ रक्कम. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. जुना मजूर मळ्यावर 'सरदार' व्हायचा, मग गावी परतून ओळखीपाळखीतली माणसं जमवून न्यायचा. आपल्याकडे दिवाळीनंतर तांड्यातून, वाडीतून कोयता घेऊन निघणारी टोळी, तिची उचल आणि तिचा मुकादम डोळ्यांसमोर आणले की पुरे. फरक एवढाच की आपली टोळी पट्टा पडला की माघारी येते. त्या टोळ्यांतल्या बहुतेकांनी परतीचं जहाज धरलं नाही. कन्नडचं मात्र त्यांत कुणी असण्याचा संभव कमीच. घाटाखालचं चाळीसगाव इंग्रजांच्या खानदेशात आणि घाटावरचं कन्नड निजामाकडे. मुंबईच्या दलालाचा हात घाट चढून क्वचितच आला असेल.

असा हा देश भरला. डोडोखेरीज 'मी आधीचा' म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही. अशा ठिकाणी पूर्वजांची चौकशी आपोआप संपेल, सगळे एकदाचे नुसते मॉरिशसवासी होतील, असं वाटतं. घडलं नेमकं उलट. मातीवर कुणाचाच जुना हक्क नसल्यामुळे प्रत्येकाने आपला हक्क आपल्या येण्यावर उभा केला, आणि कुठून आलो हे विसरणं कुणालाच परवडेना.

सरकारही ते विसरू देत नाही. तिथल्या जनगणनेत घरी कोणती भाषा बोलता, याबरोबर तुमच्या पूर्वजांची भाषा कोणती, असाही प्रश्न असतो. धर्माच्या रकान्यात लोक 'तमिळ', 'तेलुगू' आणि 'मराठी' अशी उत्तरं देतात, आणि ती तशीच मोजली जातात. इथे कुणी धर्म विचारल्यावर 'मराठी' म्हणालं तर कारकून मान वर करून पाहील. सुट्ट्यांची यादीही अशीच वाटून घेतलेली. थैपूसम, चिनी नववर्ष, महाशिवरात्र, उगादी, ईद, गणेशचतुर्थी, दिवाळी, नाताळ. गुलामगिरी संपली तो १ फेब्रुवारी सुट्टीचा आणि मजूर आले तो २ नोव्हेंबरही सुट्टीचा. १९९८ मध्ये नव्या नोटांवर हिंदी मजकूर तमिळच्या वर छापला गेला, तर तमिळांनी एवढं रान उठवलं की नोटा मागे घ्याव्या लागल्या आणि तमिळ पुन्हा वर आली. जिथे आधी कोण आलं याला मोल आहे, तिथे नोटेवर कोण वर याला मोल असणारच.

राज्यघटनेतही ही वाटणी उतरली आहे. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. निवडून येणाऱ्या ६२ सदस्यांखेरीज आठ जागांपर्यंत पराभूत उमेदवारांना देण्याची सोय घटनेत ठेवली, कारण एखादा समाज सभागृहाबाहेर राहू नये. त्यासाठी चार समाज ठरवले, हिंदू, मुस्लिम, चिनी, आणि या तिघांत न बसणारे सगळे म्हणजे 'सर्वसाधारण लोकसंख्या'. माणसं समाजवार मोजली गेली ती १९७२ मध्ये शेवटची, पण जागांचा हिशेब पुढे त्याच आकड्यांवर चालत राहिला. उमेदवाराने आपला समाज जाहीर केलाच पाहिजे, या सक्तीवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये बोट ठेवलं. तरीही त्याच देशात २००३ मध्ये पॉल बेरांजे हा फ्रेंच वंशाचा माणूस पंतप्रधान झाला, हे सांगितलं नाही तर चित्र एकांगी होईल. सगळ्यांचं मूळ विचारणारा हा देश मूळ विचारून एकमेकांना मारत सुटलेला नाही. आपल्या खंडात ही लहान गोष्ट समजता येत नाही.

या व्यवस्थेचा फायदा कुणाला झाला असेल तर लहान गटांना, आणि त्यांत मराठी आले. २००० च्या जनगणनेत पूर्वजांची भाषा मराठी सांगणारे साडेसोळा हजारांच्या आसपास होते. घरी मराठी बोलणारे दोन हजारांच्या आत. घरातली भाषा क्रिऑल, वर्तमानपत्राची फ्रेंच, संसदेची इंग्रजी. तरीही शाळेत मराठी हा विषय घेता येतो, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत तो पुढे शिकता येतो, मराठी स्पीकिंग युनियन संसदेच्या कायद्याने उभी आहे आणि कास्कावेलला मराठा मंदिर आहे. १८९६ मध्ये एका मराठी घरात गणपती बसला, तो आज देशाच्या सुट्टीचा दिवस आहे. विसर्जनाला कोकणातल्या जाखडीसारखा 'झाकरी' नाच होतो. १९९१ मध्ये दुसरी जागतिक मराठी परिषद तिथे भरली. २८ एप्रिल २०२३ ला मोकाच्या महाराष्ट्र भवनात शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. आपल्याकडून जाणारे पाहुणे या सगळ्याला 'मराठी जपली' असं म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. जपला आहे तो भाषेच्या नावावरचा हक्क. बोलणं कधीच क्रिऑलकडे गेलं. यात त्यांना दोष देण्याचं कारण नाही. दीड टक्क्याहून कमी माणसांनी वेगळं राहायचं, तेही सगळ्यांना वेगळं राहू देणाऱ्या देशात, तर दारावर एखादी पाटी लागतेच.

त्या पाटीला कागदाचा आधारही आहे. गांधी संस्थेत भारतीय मजुरांच्या नोंदवह्या ठेवल्या आहेत. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, अंगावरची खूण, जहाज, आणि पुढच्या काळातल्या कितीएकांचे फोटोही. पणजोबाचा क्रमांक घेऊन लोक तिथे जातात. मार्च २०२४ मध्ये भारताने सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासी वंशजांना परदेशस्थ नागरिकत्वाचं कार्ड देण्याचं जाहीर केलं, तेव्हा या वह्यांना व्यवहारातही किंमत आली. कन्नडच्या तहसीलमध्ये निजामकाळची नोंद शोधणारा आणि मोकात जहाजाची वही चाळणारा एकच काम करत असतात. एकाला तो जमिनीवरचाच आहे हे दाखवायचं असतं, दुसऱ्याला तो पाण्यावरून आलेला आहे हे.

पण ज्यांची वहीच नाही त्यांचं काय? गुलामांची वंशावळ कुणी जपली नाही. नावं मालकाने ठेवली, भाषा मळ्यावर मोडली. 'पूर्वजांची भाषा' या रकान्यात मोझांबिकच्या कोणत्या गावची बोली लिहायची, हे त्यांच्या नातवंडांना कोण सांगणार? घटनेतल्या चौथ्या रकान्यात ती माणसं गोऱ्या मळेवाल्यांच्या वंशजांसोबत बसतात, गुलाम आणि मालक एकाच 'सर्वसाधारण' खात्यात. ज्या क्रिऑलमध्ये सगळा देश बोलतो, भांडतो आणि प्रेम करतो, ती त्यांची. शाळेत ती वैकल्पिक विषय म्हणून आली २०१२ मध्ये, मराठीच्या कितीतरी नंतर. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय क्रिऑल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट काही दिवस पेटलं. दंगलीचं तात्कालिक कारण ते होतं, पण हिशेब जुना होता. २००९ मध्ये नेमलेल्या सत्य आणि न्याय आयोगाने २०११ मध्ये अहवाल देऊन तो कागदावर मांडला. मूळ विचारणाऱ्या व्यवस्थेत ज्याला मूळ सांगता येत नाही तो मागे राहतो, मग ती व्यवस्था कितीही उदार असो.

याहून वाईट गत चागोसवाल्यांची झाली. मॉरिशसच्या कारभाराखालचा हा बेटांचा पुंजका इंग्रजांनी १९६५ मध्ये, स्वातंत्र्याच्या तोंडावर, तीस लाख पौंड देऊन वेगळा काढला, कारण दिएगो गार्सियावर अमेरिकेला तळ हवा होता. तिथली माणसं नारळाच्या मळ्यांवर आणलेल्या गुलामांची आणि मजुरांची पोरं, चार-पाच पिढ्या तिथेच जन्मलेली. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कागदावर त्यांना कायम रहिवासी न मानता कराराने आलेले तात्पुरते मजूर ठरवलं. मूळचे नाहीत म्हणून हलवता येतात. १९६८ ते १९७३ दरम्यान दीड-दोन हजार माणसं मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर आणून सोडली. बेटावर आधी कुणी नव्हतं ही गोष्ट मॉरिशसमध्ये सगळ्यांना जागा देणारी ठरली होती. चागोसमध्ये तिनेच सगळ्यांची जागा काढून घेतली.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की ही फाळणी बेकायदा होती. २२ मे २०२५ ला ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात करार झाला. बेटं मॉरिशसची, दिएगो गार्सियावरचा तळ ९९ वर्षं ब्रिटनकडे. इतर बेटांवर पुन्हा वस्तीची मुभा, दिएगो गार्सियावर नाही. करारापूर्वी आम्हाला विचारलं नाही, म्हणून दिएगो गार्सियावर जन्मलेल्या आणि आता इंग्लंडमध्ये राहणाऱ्या दोन बायका लंडनच्या कोर्टात गेल्या. त्या दिवशी पहाटे तीनच्या आत त्यांना स्थगिती मिळाली, दुपारी ती उठली आणि त्याच दिवशी सह्या झाल्या.