भोग आणि रुग्णाची वही

आंबा घाटाकडच्या एका धनगरवाड्यावर मी क्षयाच्या गोळ्या घेऊन जायचे. रुग्णाची आई म्हणायची, "भोग हाय त्येचा, बाई. फिटंपातूर सोसायचा." मी वाद घालत नसे. वजन करून कार्डावर लिहायचे आणि समोर गोळ्या गिळायला लावायचे. पण आजार हा पापाचा हिशेब असेल, तर औषध देणारी मी त्यात ढवळाढवळ करत होते का?

शाहूवाडीतली जुनी माणसं क्षय म्हटला की मिरजेचं नाव घेत. वानलेसवाडीचं ते रुग्णालय ख्रिस्ती मिशनचं. परक्या धर्माच्या दारात बरं होताना आपल्या भोगाचं काय होतं, हा प्रश्न तेव्हाही होताच.

मला वाट दिसली ती अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या ज्यू रुग्णनोंदींत. तिथलं १८९९चं ज्यू रुग्णालय गरिबांना फुकट ठेवून घेई, पण सुरुवातीला फक्त बरे होण्याजोगे रुग्ण. मग पूर्व युरोपातून आलेल्या कष्टकऱ्यांनी १९०४मध्ये आपली वेगळी संस्था काढली. डॉ. चार्ल्स स्पिव्हाक तिचे चिटणीस. पहिले रुग्ण तंबूंत राहिले. स्वयंपाक ज्यू आहारनियमांनुसार, पण प्रवेश कोणत्याही धर्माच्या आणि कितीही खंगलेल्या माणसाला. एक जीव वाचवणारा सारं जग वाचवतो, ही त्यांच्या धर्माची शिकवण.

स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३मध्ये. तोवर हाताशी होती मोकळी हवा, विश्रांती, दूध आणि अंडी. कित्येकजण वाचणार नाहीत हे ठाऊक असूनही नाव, वय, जन्मगाव, धंदा सगळं लिहून घेतलेलं. चित्रगुप्ताच्या वहीत माणसानं काय केलं ते असतं. इथे माणसाचं काय झालं ते आहे. धंद्यापुढे 'शिंपी' असं वाचलं, की कोंदट खोलीतलं रात्रंदिवसाचं शिवणकाम दिसतं. भोग म्हटलं की कारण शोधणं थांबतं. आमच्या धनगरवाड्यावर ते समोरच होतं: बिनखिडकीचं धुरकट खोपट, अर्धपोटी पोरं आणि त्यांच्या शेजारीच झोपणारा, खोकणारा बाप.

कर्मसिद्धान्त मी टाकलेला नाही. तो स्वतःच्या वागण्याला लावावा, दुसऱ्याच्या फुप्फुसाला लावू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

उशिरा आलेल्या, रक्त पडणाऱ्या माणसाची नोंद केली की आमच्या तक्त्यात मृत्यूचा आकडा वाढतो. तरी त्याचं नाव, धंदा, वजन लिहायलाच हवं. जिवाची किंमत तक्त्यावरून ठरत असती, तर त्या तंबूवाल्यांनी पहिल्या रुग्णालयाचाच नियम उचलला असता.