तो रथात जवळ जाऊन बसला

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०



यरुशलेमेहून गज्जाकडे जाणाऱ्या ओसाड वाटेने कूश देशाचा एक अधिकारी रथात बसून चालला होता आणि यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत होता. मनुष्य लहानसहान नव्हता. कांदके राणीचा सारा खजिना त्याच्या हाती होता. त्याला वाचता येत होते, ग्रंथही जवळ होता, मनात तळमळ होती. परंतु वाचलेल्याचा अर्थ लागत नव्हता. फिलिप्प धावत रथाजवळ गेला व समजते काय म्हणून त्याने विचारले. दाखविणारा कोणी नसेल तर समजावे कसे, असे म्हणून त्या अधिकाऱ्याने त्याला वर आपल्याजवळ बसवून घेतले.

सुवार्ता सांगण्याविषयी हा भाग आपण नेहमी वाचतो, आणि त्याचा मुख्य अर्थ तोच आहे. पण ज्याच्या हाती कागद आहे आणि अर्थ लागत नाही, अशा मनुष्याशी ख्रिस्ती माणसाने कसे वागावे, हेही त्यात आहे. आज आपण हा धडा इंदुरातील आपल्या घरांना लावून पाहू. बारावीतील मूल आणि त्याचा कॉलेजप्रवेश हा आपला विषय आहे.

आपल्या शहरात विद्येची वाण नाही. कॅनडाच्या मिशनऱ्यांनी १८८७ साली येथे ख्रिश्चन कॉलेज काढले, १८९१ साली होळकर कॉलेज निघाले, १९६४ साली विद्यापीठ झाले. तरीही मंडळीत अशी घरे आहेत की, ज्या घरातील पहिलेच मूल कॉलेजला जाणार आहे. आई दवाखान्यात आया आहे, वडील गाडी चालवितात. मुलाने शिकावे म्हणून दोघे पोटाला चिमटा घेतात. परंतु प्रवेशाचा अर्ज पुढे आला की ते गप्प होतात. मुलाला वाटते, आईबाबांना विचारून काय उपयोग? आईबाबांना वाटते, आपण विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल. अशा रीतीने सतरा वर्षांचे लेकरू एकटेच त्या ओसाड वाटेला लागते.

ती वाट आता पूर्वीसारखी खिडकीपुढच्या रांगेची राहिली नाही. मध्य प्रदेशातील कॉलेजांचा प्रवेश सरकारच्या ई-प्रवेश व्यवस्थेतून होतो. प्रथम नोंदणी, मग कॉलेजांची पसंती, मग कागदपत्रांची तपासणी, मग जागेचे वाटप, आणि ठरल्या तारखेच्या आत शुल्क. शुल्क चुकले की हाती आलेली जागाही जाते. समग्र आयडी, मूळ निवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेची टी.सी. हे सारे वेळेवर लागते. दहावीच्या गुणपत्रिकेत नाव एक आणि आधार कार्डावर दुसरे असले, म्हणजे तेवढ्यासाठी फेऱ्या पडतात. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांतील पुष्कळ अभ्यासक्रमांसाठी सीयूईटी ही परीक्षा द्यावी लागते, आणि तिचा अर्ज बारावीच्या निकालापूर्वी कितीतरी आधी भरावा लागतो. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आलेल्या मुलाला, आता पुढे काय, असे विचारणारे आपण बहुधा उशिराच विचारीत असतो.

फिलिप्पाने काय केले? पहिली गोष्ट, त्याने आपणहून विचारले. ज्याला अडचण आहे तो हाक मारील, मग पाहू, असे म्हणून तो वाटेच्या कडेला उभा राहिला नाही. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनो, ही मुले तुमच्या पुढ्यात लहानाची मोठी झाली आहेत. कोणते मूल अकरावीत आहे, कोणत्या घरात विचारायला कोणी नाही, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? जानेवारीतच एका रविवारी उपासनेनंतर त्या मुलांना व त्यांच्या आईवडिलांना बसवून घ्या. मंडळीतील एखादा कारकून, एखादी नर्स, एखादी कॉलेजात शिकणारी ताई जवळ बसवा. एक वही करा. तारखा, कागद, शुल्क लिहून काढा. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात गेलात, तर मोबाईल नंबर दुकानदाराचा नव्हे, घरचाच द्या. नाहीतर जागा मिळाल्याचा निरोप परक्याच्या फोनवर येईल आणि घराला कळणारही नाही.

दुसरी गोष्ट, फिलिप्प जवळ बसला आणि तो मनुष्य जे वाचीत होता तेथूनच त्याने आरंभ केला. त्याने ग्रंथ हिसकावून घेतला नाही, रथाची दोरीही हाती घेतली नाही. येथे आम्हां वडीलधाऱ्यांना जपून चालावे लागते. मदत करता करता आपण मुलाचा विषयही ठरवून टाकतो. आमच्या भाच्याने जे केले तेच तूही कर, असे सांगून मोकळे होतो. तसे नको. मुलाला काय आवडते, काय झेपते, घराला किती परवडते, हे त्याच्याच तोंडून ऐकावे. अर्ज त्याच्याच हाताने भरवावा. आईवडिलांनाही शेजारी बसवावे, म्हणजे मुलाच्या देखत त्यांचा मान राहील.

याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या महूशी नाते सांगणारे आहे. तेथे १८९१ साली जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकविणारे, मुलाच्या विद्येसाठी कर्ज काढणारे गृहस्थ होते. तरीही कॉलेजच्या वाटेवर पैसा संपला. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक पुढे झाले. मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणाऱ्या या शाळकरी मुलाची त्यांनी पूर्वीच आपणहून चौकशी केली होती. आता त्यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. महाराजांनी मुलाची परीक्षा घेतली व दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१२ साली तो तरुण बी.ए. झाला. केळुसकर ख्रिस्ती नव्हते. परंतु ज्याला दार ठाऊक आहे त्याने इतरांना दारापर्यंत न्यावे, हे त्यांना कळले होते. आम्हांला ते कळू नये काय?

पैशाविषयीही एक शब्द. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना २०१७ पासून बारावीचे गुण व पालकांचे उत्पन्न पाहून शुल्काचा भार उचलते. तिची चालू वर्षाची अट पाहून घ्या. मात्र शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा खोटा दाखला काढून देण्याची मदत मंडळीने करू नये. ज्या अर्जावर मुलाची पहिली सही होते, तोच खोटा असेल, तर पुढच्या साऱ्या विद्येला कीड लागते. दाखला खरा ठेवून पैसे कमी पडत असतील, तर ते कमी पडलेले पैसे हा मंडळीचा प्रश्न आहे. तो फक्त त्या घराचा नव्हे.

तिसरी गोष्ट. काम झाल्यावर फिलिप्प तेथे राहिला नाही. प्रभूच्या आत्म्याने त्याला दुसरीकडे नेले, आणि तो अधिकारी आनंद करीत आपल्या वाटेने गेला. आपण केलेल्या मदतीची आठवण त्या मुलाला जन्मभर करून देण्याचे कारण नाही. आणि पहिल्या यादीत नाव न आलेल्या मुलाला सोडूनही चालणार नाही. पुढच्या फेऱ्या असतात, पॉलिटेक्निक व आय.टी.आय. असतात. वर्ष गेले तरी मूल गेलेले नाही. पहिल्या वर्गात आलेल्यांना हार घालताना, मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेले लेकरू प्रभूच्या दृष्टीस पडते, आपल्याही पडावे.

प्रियजनहो, येत्या रविवारी उपासनेनंतर घाईने घरी जाण्यापूर्वी एवढे करा : बारावीतील एका मुलाजवळ जा आणि तुझे कसे काय चालले आहे, असे विचारा. उत्तर ऐकण्यासाठी थोडा वेळ बसा.

जो प्रभु आपल्यांमध्ये येऊन राहिला, तो आम्हांस एकमेकांजवळ बसण्याची कृपा देवो. आमेन.