सोसणे आणि लपविणे

 

देहाला आलेले भोग मुकाट्याने सोसावेत, की त्यांवर उपाय करावा? हा प्रश्न आम्ही निरूपणाला पुष्कळदा घेतला आहे आणि उत्तरही ठरलेले असे. प्रारब्ध भोगल्यावाचून सुटत नाही, वारकऱ्याने कुरकुर करू नये. दुसऱ्याच्या देहाविषयी बोलणे सोपे असते, बरं का. दोन वर्षांपूर्वी तोच प्रश्न माझ्या घशात येऊन बसला.

जिभेच्या मुळाशी कर्करोग निघाला. कारण शोधायला पोथी उघडावी लागली नाही. गळ्यात तुळशीची माळ आणि कमरेला तंबाखूची चंची, असा हा हरिदास. मद्यमांस वर्ज्य म्हणून जन्मभर सांगितले. चंचीबद्दल मात्र आमची वाणी मौन.

किरणोपचार ठरले. आठवड्यातून ५ दिवस, ७ आठवडे, एकूण ३५ वेळा. रोज चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घालून तो टेबलाला घट्ट बसवीत. त्याखाली माळ राहीना आणि पुढे मानेची कातडी भाजल्यासारखी झाली, तिला घर्षण सोसेना. गुरुस्थानी विचारले. उत्तर आले, मनगटाला बांधा. माळ उतरवताना जे रडू आले ते रोग कळला तेव्हाही आले नव्हते.

किरण लागताना काही दुखत नाही. तिसऱ्या आठवड्यात मात्र तोंड सोलले, लाळ डिंकासारखी झाली, चव गेली. प्रसादाची साखर मातीसारखी लागे. मी मनाशी म्हटले, हीच तितिक्षा. विवेकचूडामणीत तितिक्षेचे लक्षणच असे आहे की, प्रतीकार न करता, चिंता आणि विलाप न करता दुःख सोसावे. डॉक्टर विचारीत, “महाराज, कसं आहे?” मी हात जोडून म्हणे, “माउलीच्या कृपेने ठीक आहे.” एकादशी आली, ती निर्जळ केली. शेजारच्या खाटेवरचा शेतकरी रोज डॉक्टरांपुढे दुखण्याचा पाढा वाची. मला त्याची कीव येई.

पाचव्या आठवड्यात माझे वजन सहा किलो उतरले. चेहरा वाळला, मुखवटा सैल झाला. किरण केसभर जागा चुकले तरी चालत नाही. म्हणून नवा मुखवटा, नवे मोजमाप, आणि तोवर उपचार बंद. अशा खंडात उरलेल्या रोगट पेशींना पुन्हा वाढायला फावते. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “महाराज, तुमची सहनशक्ती रोगाच्या कामी आली.” त्या शेतकऱ्याचे ३५ दिवस खंडाविना पुरे झाले.

त्या रात्री झोप लागली नाही. कोणी म्हणेल, शास्त्रच प्रतीकार नको म्हणते, मग चूक कुठे? अहो, मी तर यंत्राखाली निजून प्रतीकार आधीच पत्करला होता. अर्धा उपाय घ्यायचा आणि अर्धा लपवायचा, ही तितिक्षा नव्हे. “महाराज किती धीराचे!” असे लोकांनी म्हणावे, ही त्यातली गोडी. ही गोडी अहंकाराची. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सुखदुःखे सोस म्हणतात, आणि लगेच युद्धाला उभा राहा असेही म्हणतात. सोसायचे ते कर्तव्य टळू नये म्हणून. माझे सोसणे कर्तव्याच्याच आड आले. विलाप मनाचा टाळायचा असतो. वैद्याला खरे सांगणे हा विलाप नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळे सांगू लागलो आणि उपाय होते, हे तेव्हा कळले. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून अनेकदा खळखळून चुळा, पाणी गिळायचे नाही. दातांना मऊ ब्रश. तिखट, आंबट, कढत वर्ज्य. मऊ भात, वरणाची निवळ, दूध, साजूक तुपाचा पातळ शिरा. दुखणे थांबवणारे औषध जेवणाच्या अर्धा तास आधी. तोंडात पांढरे डाग आले, ती बुरशी निघाली. तिलाही औषध आहे. मानेला मलम लावायचे ते डॉक्टरांना विचारूनच.

एकादशीचे काय? व्रत ज्यांनी मोडत नाही अशा आठ गोष्टी आपल्या धर्मग्रंथांत सांगितल्या आहेत. त्यांत पाणी आहे, दूध आहे, गुरूचे वचन आहे आणि औषधही आहे. त्या दिवसांत अन्न हेच औषध. हे मला पाठ होते. लोकांना सांगायचे म्हणून पाठ होते.

नाकातून नळी घालण्याची वेळ आली तेव्हा मी अडून बसलो. घरच्या म्हणाल्या, “अहो, वारीत पाय चालेनात तर काठी घेता ना? मग ही काठीच समजा.” नळी घातली. तरी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे रोज दोन घोट पाणी तोंडाने गिळत राहिलो, नाहीतर घसा गिळणे विसरतो.

उपचार संपल्यावरही जखमा एकदम भरत नाहीत. पहिले दोन आठवडे कठीणच जातात. लाळ आजही कमी आहे, पाण्याचा तांब्या सोबत असतो. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम चालू आहे. दात दाखवायचे ते किरणांच्या आधीच. नंतर किरणांची गोष्ट सांगितल्याविना दात काढू नये, कारण जबड्याचे हाड भरून येत नाही. थायरॉइडसाठी सहा-बारा महिन्यांनी रक्त तपासायचे.

वाणी चार सांगितल्या आहेत. माझी वैखरी कित्येक आठवडे बंद होती. नाम मध्यमेत चालले आणि ते तिथेही चालते, हे साठी उलटल्यावर मला कळले. आता कीर्तनाला वीस मिनिटे उभा राहतो, पुढचे टाळकरी सांभाळतात.

तेव्हा माउली, दिंडीत कुणाच्या तोंडातला फोड तीन आठवड्यांत भरला नाही, आवाज बसून राहिला, मानेला गाठ आली, तर त्याला दवाखान्यात न्या. चंची मिसरी सोडा. चंद्रभागेत नका टाकू, ती बिचारी काय करील! आणि डॉक्टरांनी “कसं आहे?” म्हटले तर खरे सांगा. विठोबापुढे आपण काही लपवीत नाही. ज्याच्या हातून तो आपल्याला सांभाळतो, त्याच्यापुढे तरी का लपवावे?

॥ रामकृष्णहरि ॥