वरचं

भोरहून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक वाडी आहे. तिथे एक आजी राहत होती. अंगणात घसरून तिचा खुबा मोडला, तेव्हापासून तिच्या वाट्याला एक खाट आली आणि शेजारच्या भिंतीकडे उघडणारी एक खिडकी. रोज सकाळी तिच्याकडे अर्धा लिटर दुधाचा रतीब असे. एक माणूस सायकलवरून तो घालायचा. त्याचे गुडघे धरले, तसा माघ महिन्यात त्याचा मुलगा मोटारसायकलवरून येऊ लागला.

पहिल्याच दिवशी मुलाने पातेल्यात दूध ओतलं आणि तो निघाला.

"माप झालं. आता वरचं घाल," आजी म्हणाली.

मुलाने मुकाट्याने आणखी थोडं दूध ओतलं.

"दूध नव्हे रे. तुझा बाप रोज वाटेतलं काहीतरी सांगायचा. काय फुललं, काय झडलं, कोण ओरडत होतं. ते माझं वरचं."

"वाटेत काय असणार आजी? रोजचाच रस्ता. आणि थांबायचं म्हटलं तर ऊन चढतं, दूध नासतं."

"बरं," आजी म्हणाली आणि तिने मान भिंतीकडे वळवली. ती रागावली नव्हती. पण ते 'बरं' मुलाला दिवसभर टोचत राहिलं.

रात्री जेवताना त्याने वडिलांना विचारलं, "आबा, तुम्हाला झाडापाखरांतलं एवढं कधीपासून कळायला लागलं?"

"मला कुठे काय कळत होतं? पंधरा वर्षं त्याच रस्त्याने मान खाली घालून सायकल हाणली. मग आजी खाटेला खिळल्या आणि विचारायला लागल्या. आता सांगायचं म्हटल्यावर आधी बघायला नको?"

मला या गोष्टीत हे उत्तर सगळ्यांत मोलाचं वाटतं. आपल्याला वेळ नसतो, डोळे नसतात, असं आपण म्हणतो. खरं म्हणजे वाटेत काय पाहिलंस, असं आपल्याला कुणी विचारलेलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी वळणावर मुलाने गाडीचा वेग जरा कमी केला. तिथे काटेसावर उभी होती. अंगावर एक पान नाही, नुसती लाल फुलं. तेवढ्यात त्यांतलं एक सुटलं आणि समोर डांबरावर पडलं.

"सावरीचं फूल पडलं, आजी. चक्क आवाज आला. ओला चेंडू पडावा तसा."

आजीने डोळे मिटले. "पाकळ्या किती होत्या?"

ते त्याने पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो उतरला, फूल उचललं आणि मोजल्या. पाच होत्या.

फाल्गुन लागला. पळस पेटला. आधी काळ्या मखमलीसारख्या कळ्या, मग त्यांतून पोपटाच्या चोचीसारखी बाकदार केशरी फुलं. साळुंक्या त्यांत डोकं खुपसून मध पीत होत्या. आंब्याच्या मोहोराचा वास सकाळी ओलसर असतो आणि ऊन चढलं की उग्र होतो, हेही त्याला कळलं. कारण परतताना तो त्याच झाडाखालून जायचा आणि आता नाकही कामाला लागलं होतं. पायवाटेकडेच्या करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या चांदण्यांनी भरल्या. वर्षानुवर्षं तो या जाळ्यांजवळ फक्त वैशाखात जात असे, करवंदं खायला.

एक दिवस तो धावतच आत आला. "आजी, उतारावर एक झाड लालभडक फुललंय. नखशिखान्त!"

"पाखरं होती त्यावर? माश्या?"

"नाही... एकही नव्हती."

"मग ती फुलं नव्हेत, लेकरा. ती पालवी. कोशिंब असणार. त्याची कोवळी पानं लाल येतात आणि मग हिरवी होतात. उद्या हात लावून बघ."

त्याने हात लावून पाहिला. पानंच होती, तान्ह्या मुलाच्या कानाच्या पाळीसारखी मऊ. खाटेवर पडलेल्या म्हातारीला भिंतीकडे बघत जे दिसलं, ते त्याला झाडासमोर उभं राहून दिसलं नव्हतं. ही शरमेची गोष्ट नव्हती. पण त्या दिवसापासून तो नुसतं बघून पुढे जाईनासा झाला.

पाडव्याला गुढीसाठी कडुनिंबाची डहाळी तोडताना तिच्यावर बारीक पांढरा फुलोरा होता. त्यातली एक डहाळी त्याने आजीच्या उशाशी ठेवली. तिने दुधाच्या पैशांबरोबर दहा रुपये जास्त पुढे केले. त्याने ते घेतले नाहीत.

"शहाणा आहेस," आजी म्हणाली. "वरच्याचा हिशेब करायचा नसतो."

चैत्रात कोकीळ ओरडू लागला. मुलाने गाडी बंद करून तो हुडकला. काळा, लाल डोळ्यांचा. जवळच्या फांदीवर एक ठिपक्याठिपक्यांची तपकिरी पाखरीण गप्प बसली होती. ती त्याचीच मादी, आणि 'कुहू' म्हणतो तो नर, हे त्याला आजीने सांगितलं. ते त्याने पुढच्या घरी सांगितलं. त्या घरातली पोरं आता सकाळी पातेलं घेऊन दारातच उभी असतात, आणि दूध ओतून होण्याआधीच विचारतात, आज काय?

वाडीत पोचायला त्याला हल्ली दहा मिनिटं जास्त लागतात. दूध अजून एकदाही नासलेलं नाही.